मूठ आणि बोट : हृदयरोग्याच्या छातीतल्या दुसऱ्या दुखण्याची गोष्ट



छातीत दुखतंय म्हणून माणूस दवाखान्यात येतो. डॉक्टर विचारतात, "नेमकं कुठे?" अशा वेळी त्याच्या तोंडाआधी हाताकडे बघावं. कुणी मूठ आवळून छातीच्या मधोमध धरतो. कुणी एक बोट उचलतो, बरगडीवर एका जागी टेकवतो आणि म्हणतो, "इथे." मूठ दिसली की हृदयाची शंका जास्त, ही खूण बॉस्टनचे डॉक्टर सॅम्युएल लेव्हीन यांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत आहे. बोट दिसलं की बरगडी, कूर्चा, स्नायू यांची शंका जास्त. हे ठोकताळे आहेत बरं का, कायदे नव्हेत. मूठ धरणाऱ्याचं हृदय ठणठणीत निघतं आणि बोट दाखवणाऱ्याला झटका येऊन गेलेला असतो, असंही घडतं.

हा फरक आपल्या भाषेत कधीचा आहे. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं वेगळं, आणि चमक निघणं, उसण भरणं, बरगडी धरणं वेगळं. शिवाय या सगळ्यांवर पांघरूण घालणारा आपला लाडका शब्द आहेच, 'गॅस'. ओवा खाऊन, सोडा पिऊन घरीच थांबलेल्या माणसांची गोष्ट हा स्वतंत्र आणि दुःखाचा विषय आहे, तो आज घेत नाही.

आज आपण ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत तो या दोन्ही खुणांच्या मधोमध उभा आहे. समजा साठीचे एक गृहस्थ आहेत. वर्षापूर्वी झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, गोळ्या वेळेवर चालू आहेत. आता डाव्या छातीत अधूनमधून दुखतं. कूस बदलताना दुखतं, हात वर नेला की दुखतं, कधी नुसतं बसल्या बसल्या दुखतं. ईसीजी झाला, टू-डी इको झाली, स्ट्रेस टेस्ट झाली. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं काही नाही, मस्क्युलर आहे, काळजी करू नका." आता काळजी करू नका म्हटल्याने काळजी जाते का? ज्या छातीने एकदा दगा दिला तिच्यात परत दुखतंय. हे गृहस्थ डावा हात जपून वापरू लागतात, जिना टाळतात, घरातले त्यांना पाण्याची बादलीही उचलू देत नाहीत. वर्षभरात हृदय सुधारतं आणि माणूस मात्र आजारी होत जातो. आमच्यासारख्या फिजिओथेरपी करणाऱ्यांकडे अशी माणसं येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : हृदय की स्नायू, एकदाचं सांगा.

हा प्रश्न डॉक्टरांनीही दोनशे वर्षं असाच विचारला. त्या प्रश्नात 'की' हा शब्दच कसा नडला, ती ही गोष्ट.

सुरुवात लंडनला होते. २१ जुलै १७६८ रोजी विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत घुसमटल्यासारखी कळ येते आणि उभं राहिलं की त्याच क्षणी ओसरते, असं एक दुखणं त्यांनी त्यात मांडलं. नाव दिलं अँजायना पेक्टोरिस, म्हणजे छातीतली घुसमट. १७७२ मध्ये निबंध छापून आला. हे दुखणं हृदयाच्या रक्तवाहिन्यांमुळे होतं हे हेबर्डनना माहीत नव्हतं. पण त्यांची नजर इतकी स्वच्छ होती की आजही विद्यार्थ्याला अँजायना शिकवायचा तर याहून चांगलं वर्णन शोधावं लागत नाही. पुढे त्यांनी असे सुमारे १०० रुग्ण पाहिले. त्यांच्या निधनानंतर १८०२ मध्ये आलेल्या ग्रंथात एक नोंद आहे : एका रुग्णाने रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. एवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही, उपदेश नाही. करवत चालवताना कोणते स्नायू लागतात? खांदा, पाठ, छाती. हृदयरोग्याला व्यायाम देण्याची ही फार जुनी नोंद, आणि ती पुढची दीडशे वर्षं जवळजवळ अडगळीत पडून राहिली.

कारण लोकांच्या मनावर ठसला तो दुसरा प्रसंग. लंडनचे नामवंत शल्यविशारद जॉन हंटर यांना अँजायना होता. १७९३ मध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वाद झाला, ते तिथून बाहेर पडले आणि कोसळले. देवीच्या लशीमुळे पुढे जगाला माहीत झालेले एडवर्ड जेनर हे हंटर यांचे शिष्य. गुरूच्या दुखण्याचं मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांत असावं, असा संशय त्यांना आधीच आला होता. यानंतर छातीची कळ म्हणजे मरणाची चाहूल, हे समीकरण पक्कं झालं. त्यात चूकही नव्हती. पण छातीत जे जे दुखतं ते सगळं त्या एका समीकरणात बसवलं गेलं.

ते समीकरण सैल केलं एका खेडवळ म्हणाव्या अशा डॉक्टरांनी. म्हणजे लंडनच्या मानाने खेडवळ. जेम्स मॅकेन्झी हे स्कॉटलंडचे, जन्म १८५३, आणि डॉक्टरकी केली ती इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात. आपलं गिरणगाव ज्यांना आठवतं त्यांनी तसंच काहीसं डोळ्यांपुढे आणावं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरला रुग्ण भेटतो तो आठवडाभर. मॅकेन्झींना तोच विणकर, तीच बाई वीस-पंचवीस वर्षं भेटत राहिली. त्यामुळे झटक्याच्या वेळी काय होतं एवढंच नाही, तर झटका गेल्यावर मागे काय उरतं हेही त्यांना दिसलं.

उरत काय होतं? अँजायनाची कळ ओसरून गेल्यावरही कित्येकांच्या डाव्या छातीची कातडी आणि खालचे स्नायू हुळहुळे राहत. चिमटीत धरले तरी दुखे. छातीवर कपडा घासला तरी नकोसं होई. त्याच सुमारास लंडनमध्ये हेन्री हेड यांनी १८९३ पासून दाखवायला सुरुवात केली होती की आतल्या प्रत्येक अवयवाच्या दुखण्याला बाहेर कातडीवर ठरावीक पट्टे असतात. मॅकेन्झींनी त्याची सांगड मज्जारज्जूशी घातली. हृदयाकडून येणारे मज्जातंतू आणि छातीच्या स्नायूंकडून, हाताच्या आतल्या कडेकडून येणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर पोचतात. हृदयाने तिथे सारखी ठोठावणी केली की ती जागाच चिडखोर होते. मग शेजारून आलेला साधा निरोपही तिला कळ म्हणूनच ऐकू येतो, आणि उलट दिशेने ती स्नायूंना आवळून धरायचा हुकूम देते.

या मांडणीत सगळं बीज आहे. स्नायूचं दुखणं हा हृदयरोगाला पर्याय असतो असं नाही, ते हृदयरोगाचंच अपत्य असू शकतं. आई बरी झाली तरी पोर रडत राहतं. मॅकेन्झींनी १९०९ मध्ये लक्षणांवर आणि १९२३ मध्ये अँजायनावर पुस्तक लिहिलं. त्यांना स्वतःला अँजायना होता. १९२५ मध्ये ते त्यानेच गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे सहकाऱ्यांनी त्यांचं हृदय तपासलं.

आता युद्धाकडे वळू. हृदय चांगलं आणि छाती दुखते, अशी माणसं एकदम शेकड्यांनी दिसायची तर सैन्यासारखी जागा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाचे डॉक्टर दा कोस्टा यांनी असे ३०० हून अधिक सैनिक पाहिले : धडधड, दम आणि डाव्या छातीत दुखणं. १८७१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हेच हजारोंना झालं. 'सोल्जर्स हार्ट' असं नाव पडलं, पोरं महिनोन्महिने खाटेवर पडून राहिली. 'हार्ट' म्हटल्यावर झोपवायचं, ही रीतच होती.

त्या वेळी टॉमस लुईस या तरुण डॉक्टरकडे लंडनमधल्या हॅम्पस्टेडचं आणि मग १९१७ पासून कोलचेस्टरचं खास इस्पितळ आलं. लुईसनी या पोरांना खाटेवरून उठवून कवायतीला लावलं. सोपी कवायत, मग थोडी अवघड, मग आणखी अवघड. जो पायऱ्या चढत गेला तो कामाचा. यात हेतू केवळ उपचाराचा नव्हता हेही सांगायला हवं. सरकारला माणसं परत खंदकात पाठवायची होती. चढत्या क्रमाने व्यायाम देण्याची जी पद्धत आज आम्ही हृदयरोग्याला वापरतो, तिचं एक मूळ अशा जागी आहे हे जरा अवघडल्यासारखं वाटतं, पण आहे.

दुसऱ्या महायुद्धात पॉल वूड यांनी तोच आजार पुन्हा तपासला. १९४१ ची त्यांची व्याख्यानं प्रसिद्ध आहेत. डाव्या स्तनाखाली सैनिक जिथे बोट ठेवत, तिथे खोल स्नायूंत त्यांनी नोव्होकेनचं इंजेक्शन दिलं. दुखणं गेलं. म्हणजे दुखणं छातीच्या भिंतीत होतं, हृदयात नव्हतं. आणि ते टिकून का राहतं? वूड यांच्या मते भीतीमुळे. आणि 'तुझं हृदय कमजोर आहे' असं डॉक्टरच सांगत असल्याने ती भीती पोसली जाते. हे त्यांनी आपल्याच व्यवसायाला तोंडावर ऐकवलं.

मधल्या काळात प्रयोगशाळेतही काही शिजत होतं. लुईस यांना १९२७ मध्ये स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला होता. त्यानंतर त्यांचं लक्ष हळूहळू हृदयाकडून वेदनेकडे वळलं. त्यांच्याकडे जोनास केलग्रेन नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी मिठाचं तीव्र पाणी सुईने निरनिराळ्या स्नायूंत टोचून पाहिलं, स्वतःला आणि स्वयंसेवकांना. १९३८ मध्ये निष्कर्ष आले. सुई एकीकडे आणि कळ भलतीकडे! पुढच्या वर्षी लुईस आणि केलग्रेन यांनी मिळून दाखवलं की पाठीच्या वरच्या मणक्यांमधल्या बंधांत टोचलं तर कळ छातीत आणि हाताच्या आतल्या बाजूने उतरते. हृदयाला कुणी हातही लावलेला नसतो. तेव्हा 'डावा हात दुखतो म्हणजे हार्ट' हे घरगुती निदान किती डळमळीत आहे ते बघा. आणि 'हात दुखत नाही म्हणजे हार्ट नाही' हे त्याहून धोक्याचं.

आता न्यूयॉर्कला जाऊ आणि जरा थांबू, कारण या गोष्टीतलं मधलं पात्र तिथे आहे.

डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल. जन्म १९०१. वडीलही डॉक्टर. कॉर्नेल विद्यापीठात त्या औषधशास्त्र शिकवत आणि हृदयाच्या औषधांवर संशोधन करत. त्याचबरोबर स्टेटन बेटावरच्या क्षयरोगाच्या इस्पितळात रुग्ण बघत. वॉर्डात त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. माणूस फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या गंभीर आजाराने पडलेला आहे, आणि तक्रार मात्र खांद्याची, पाठीची, छातीच्या स्नायूंची करतो आहे. मोठ्या आजारापुढे या तक्रारीकडे कोण बघणार? ट्रॅव्हेल यांनी बघितलं. बोटांनी चाचपलं. स्नायूत एक ताठ दोरी लागे, तिच्यात एक बिंदू असा की दाबला की रुग्ण दचके, आणि कळ दुसरीकडे जाई. याला त्या ट्रिगर पॉइंट म्हणू लागल्या. आपल्याकडच्या मालीशवाल्याला ही 'गाठ' पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ट्रॅव्हेल यांनी कोणत्या स्नायूतली गाठ कुठे कळ पाठवते याचे नकाशे काढले. छातीवरच्या मोठ्या स्नायूतल्या डाव्या बाजूच्या गाठी छातीत आणि हाताच्या आतल्या कडेने कळ पाठवतात, म्हणजे हुबेहूब अँजायनाचा रस्ता.

मग हृदयरोगतज्ज्ञ सिमूर रिंझलर यांच्याबरोबर त्यांनी धाडसाचं पाऊल टाकलं. ज्यांना खरोखरच अँजायना आहे, ज्यांना खरोखरच झटका आला आहे, अशा रुग्णांच्या छातीच्या स्नायूंतल्या बिंदूंवर प्रोकेनचं इंजेक्शन दिलं, किंवा वरून इथिल क्लोराइडचा गार फवारा मारला. वेदना कमी झाली. पुष्कळांची. आणि बधिरपणा उतरून गेल्यावरही परतली नाही, कधी कधी बराच काळ. १९४६ आणि १९४८ मध्ये हे निबंध आले. १९४८ च्या निबंधाच्या मथळ्यातच त्यांचा सिद्धान्त आहे : हृदयाच्या वेदनेचा शारीर भाग, आणि त्यावरचा उपचार. वेदना हृदयाची, पण तिचा एक वाटा स्नायूंकडे. हृदयाने आग लावली, स्नायूने ती धरून ठेवली.

ऐकताना टाळी द्यावीशी वाटते ना? जरा थांबा. हे वाचून कुणी असंही म्हणू शकतं की छातीवर फवारा मारला, दुखणं थांबलं, तेव्हा हृदय ठीक आहे. आणि इथे माणूस मरू शकतो. याचा इशारा खरं म्हणजे आधीच मिळाला होता. बॉस्टनचे सोमा वाइस आणि डेव्हिड डेव्हिस यांनी १९२८ मध्येच दाखवलं होतं की आतल्या अवयवाचं दुखणं, हृदयाचंसुद्धा, वरची कातडी बधिर केल्याने काही वेळ शमू शकतं. आजार जागच्या जागी असतो, फक्त निरोप अडतो.

पुढे १९५९ मध्ये तर फारच बोलका प्रयोग झाला. त्या काळी अँजायनावर छातीच्या भिंतीतली एक रोहिणी बांधून टाकायची शस्त्रक्रिया चालायची. रक्त हृदयाकडे वळेल असा तर्क. रुग्ण म्हणत, छान वाटतंय. लेनर्ड कॉब यांनी १७ रुग्ण घेतले. काहींची रोहिणी बांधली, काहींच्या छातीवर नुसता छेद घेऊन टाके घातले. रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांना सारखाच आराम! ती शस्त्रक्रिया बंद पडली. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा प्रयोग महिन्यातून एकदा आठवावा असं आम्हाला वाटतं. छातीला हात लावला, शेक दिला, टेप लावली आणि बरं वाटलं, यावरून आपलं निदान बरोबर होतं असं मुळीच ठरत नाही.

दाबल्यावर दुखतं म्हणून हृदयाचं नाही, हेही असंच अर्धवट. छातीची भिंत दाबून तेच दुखणं उमटलं तर हृदयाची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. ज्याला आधीच हृदयरोग आहे त्याच्या बाबतीत तर ती कमी धरण्याचीही घाई करू नये. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवल्याने बरं वाटलं म्हणून ते हृदयाचंच होतं, हेही सिद्ध होत नाही, कारण अन्ननलिकेचं आखडणंही त्या गोळीने सुटतं. आणि मधुमेह्यांत, वयस्कांत, बायकांत झटका पुष्कळदा मूठही दाखवत नाही आणि बोटही. म्हणून क्रम ठरलेला आहे : नवं दुखणं, बदललेलं दुखणं, घाम किंवा दम घेऊन आलेलं दुखणं हे हृदयाचं समजायचं, ते नाही असं तपासणीने कळेपर्यंत. स्नायूचा नंबर मग.

ट्रॅव्हेल पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या, त्या पदावरची पहिली स्त्री. केनेडींची पाठ दुखायची, आणि त्यांची ती डुलती खुर्ची ट्रॅव्हेल यांच्या सल्ल्याने आली. त्या प्रसिद्धीत हृदयरोग्यांवरचं त्यांचं काम काहीसं झाकलं गेलं. ट्रिगर पॉइंट हीच कल्पना आजही वादात आहे. दोन तपासनिसांची बोटं एकाच बिंदूवर एकमत होत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. आम्हाला त्यांचे नकाशे उपयोगी वाटतात, पण गीता म्हणून नव्हे, रस्त्यावरच्या पाटीसारखे.

आता एक प्रश्न उरतो. हृदयरोग्यांत हे स्नायूंचं दुखणं इतकं का असायचं? एक उत्तर मॅकेन्झींनी दिलं. दुसरं उत्तर उपचारातच होतं. १९१२ मध्ये शिकागोचे जेम्स हेरिक यांनी दाखवलं की रक्तवाहिनी बंद पडली तरी माणूस जगू शकतो. मग त्याला जगवायचं कसं? पूर्ण विश्रांती. १९३९ मध्ये बॉस्टनमधल्या शवविच्छेदनांच्या अभ्यासातून दिसलं की हृदयाची जखम भरायला सुमारे सहा आठवडे लागतात. झालं, सहा आठवडे खाट. हात वर करायचा नाही, दाढी दुसऱ्याने करायची, घास दुसऱ्याने भरवायचा. आणि मग १९४० च्या सुमारास डॉक्टर लिहू लागले की झटक्यानंतर कित्येकांचा डावा खांदा आखडतो, दुखतो, कधी पंजाही सुजतो. ऑटो स्टाइनब्रॉकर यांनी १९४७ मध्ये याला 'शोल्डर-हँड सिंड्रोम' म्हटलं. सुरुवातीला सगळा दोष हृदयाकडून आलेल्या मज्जातंतूंना दिला गेला. काही असेलही. पण रुग्णांना लवकर उठवायला लागल्यावर हे दुखणं वॉर्डांतून जवळपास नाहीसं झालं, यावरून काय ते समजावं.

उठवलं कुणी? मुठीच्या खुणेवाल्या लेव्हीन यांनीच. त्यांनी आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये ८१ रुग्णांचा अनुभव छापला : झटका आलेल्याला पहिल्याच आठवड्यात खाटेवरून खुर्चीत बसवायचं. बस, एवढंच. चालणं नाही, कवायत नाही, आरामखुर्ची. पण त्या काळात ते दुष्टपणाचं वाटलं. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. सल्लागार पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना लवकर खुर्चीत बसवलं, पुढे चालायला लावलं, आणि तो माणूस परत निवडणूक लढून जिंकला. शंभर निबंधांनी जे झालं नसतं ते वर्तमानपत्रांतल्या त्या बातम्यांनी झालं. १९६६ मध्ये डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून मोजमाप केलं, तेव्हा त्यांची श्रम करण्याची ताकद सुमारे पाव हिश्श्याने घटलेली निघाली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं : तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केलं होतं.

आपल्याकडे त्या सुमारास काय होतं? मुंबईत पोलिओच्या साथीनंतर परळच्या केईएम इस्पितळात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. म्हणजे आमचा व्यवसाय इथे आला तो मुलांच्या लुळ्या पायांसाठी. छाती खूप नंतर. त्याच परळच्या आवारात १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. छाती उघडण्याचं युग सुरू झालं, आणि तिच्याबरोबर छातीच्या भिंतीचं एक नवं दुखणं आलं, जे मॅकेन्झींनी पाहिलं नव्हतं.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं चिरतात, दोन्ही बाजू फाकवतात, काम झाल्यावर तारेने बांधतात. बरगड्यांचे मागचे सांधे ताणले जातात. डावीकडची आतली रोहिणी काढून घेतली असेल तर तिथली कातडी बधिर होते किंवा जळजळते, कधी महिनोन्महिने. मग माणूस जखमेभोवती गोगलगायीसारखा आत वळतो. खांदे पुढे, पाठ बाकदार, श्वास वरवरचा. छातीचे पुढचे स्नायू आखूड होतात, मागचे ताणलेले राहतात, आणि चौथ्या महिन्यात डाव्या बाजूला चमका निघू लागतात. हाडाला जपण्याच्या सूचना असतातच : दोन-चार किलोच्या वर उचलू नका, हात वर नेऊ नका, ढकलू नका. सूचना दिल्या जातात, पण त्या संपल्या हे पुष्कळदा कुणी सांगतच नाही. हाड सहा-आठ आठवड्यांत धरू लागतं, तीन महिन्यांत घट्ट होतं, आणि रुग्ण दोन वर्षांनीही दुधाची पिशवी उजव्याच हाताने आणतो. असे आम्ही किती पाहिलेत!

अलीकडे या सूचनाही सैल झाल्या आहेत. डॅलसमधल्याच काही थेरपिस्टांनी २०१६ मध्ये मांडलं की वजनापेक्षा दंड शरीरापासून किती दूर जातो ते बघा. कोपरं अंगाशी, जणू आपण एका नळकांड्यात आहोत, आणि मग पुष्कळ कामं करता येतात. कोपरं अंगाजवळ ठेवून भाकरीचं पीठ मळता येईल. ओढ्याला लागलेली गाईची दोरी मात्र खेचू नये.

मग आमच्याकडे आलेल्या त्या गृहस्थांचं आम्ही काय करतो? आधी कागद बघतो. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलंय का, कधी, आणि दुखणं त्यानंतर बदललंय का. मग त्यांना म्हणतो, बोट ठेवा. तिथे दाबतो, कूस वळवतो, श्वास भरायला लावतो, हात वर नेतो, आणि तेच दुखणं उमटतं का ते विचारतो. 'तेच' या शब्दावर जोर. मग जिन्याच्या पायऱ्या चढवतो, नाडी आणि रक्तदाब बघत. श्रमाने येतं आणि थांबल्यावर जातं, असं दिसलं तर आमचं काम तिथे थांबतं आणि ते परत डॉक्टरांकडे जातात. अडीचशे वर्षं झाली, पण हेबर्डनची ती कसोटी अजून चालते.

तसं नसेल तर उपचार साधा आहे, कुणाला तो फारच साधा वाटून निराशा होते. बरगड्या फुलवणारा सावकाश श्वास. खांद्याची पाती मागे ओढणं. दाराच्या चौकटीला हात टेकवून छातीचे स्नायू हळू ताणणं, श्वास न कोंडता. पाठीच्या मणक्यांची हालचाल. गाठींवर हाताने दाब. शेक द्यायचा तर कातडी बधिर नाही ना हे बघून. पेसमेकर असेल तर छातीवर विजेची यंत्रं वापरत नाही, शॉर्टवेव्ह तर नाहीच. आणि रोजचं चालणं. पहिल्या दिवशी डावा हात खांद्याच्या वर नेताना ते आमच्या चेहऱ्याकडे बघत असतात, आपल्या हाताकडे नाही. दुखलं तर "हे दुखणार होतं, हे स्नायूचं आहे, आत्ता तुमची नाडी इतकी आहे" असं त्याच क्षणी सांगावं लागतं. पॉल वूड यांनी ज्या भीतीबद्दल सांगितलं ती अशी सुटते, एकेका हालचालीने. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरातलं कुणीतरी तक्रार घेऊन येतं : "हे आता माळ्यावरचा डबा स्वतःच काढतात, तुम्ही सांगितलंत का?" हो, आम्हीच सांगितलं.

पॉल वूड यांच्याबद्दल एक राहिलं. १९६२ मध्ये ते हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले, वय ५४. लुईस १९४५ मध्ये त्याच आजाराने गेले. हंटर, मॅकेन्झी, लुईस, वूड. छातीत दुखलं की ते कशाचं हे या चौघांनाही स्वतःच्या छातीवर हात ठेवून ठरवावं लागलं असेल.

आता प्रश्न घेऊ. फक्त एक विनंती आहे. आत्ता, या घडीला कुणाच्या छातीत दुखत असेल, तर त्यांनी प्रश्न विचारायला थांबू नये. शेजाऱ्याला सांगा, गाडी बोलवा आणि जवळच्या इस्पितळात जाऊन आधी ईसीजी काढा. आम्ही काय, पुढच्या वेळीही इथेच आहोत.